नाण्याचा सातबारा

आषाढात इगतपुरीला सकाळी दहालाही घरात दिवा लावावा लागतो. ढग कसारा घाटातून वर सरकतात, खिडकीतून बिनदिक्कत आत येतात आणि कपाटातल्या कपड्यांना कुबट वास लावून जातात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणारं हे गाव. जुन्या नाण्यांचा नाद असलेल्या माणसाला इथला पावसाळा दोन तऱ्हांनी भेटतो. तांब्याची नाणी कळकतात, प्लॅस्टिकच्या अल्बमात घाम सुटतो, चांदीवर काळसर पुट चढतं, ही पहिली तऱ्हा. दुसरी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. नाण्यांचे फोटो काढायला याहून चांगला उजेड विकतही मिळत नाही.

नाणं ही आरशाच्या जातीची वस्तू आहे. समोर जे असेल ते ती परत दाखवते. ट्यूबलाइट असेल तर पांढरा पट्टा, मोबाइलचा फ्लॅश असेल तर मधोमध पांढरा डाग, आणि उरलेल्या जागी फोटो काढणाऱ्याची सावली. पावसाळी आभाळ मात्र अख्खं एक पांढरी चादर होऊन उजेड गाळून देतं. शहरातले छायाचित्रकार हाच परिणाम साधायला पांढऱ्या कापडाच्या पेट्या आणि छत्र्या विकत घेतात. इगतपुरीत जून ते सप्टेंबर तो फुकट आहे. उत्तरेकडची खिडकी उघडावी, टेबल तिच्याशेजारी सरकवावं आणि घरातला दिवा आठवणीने बंद करावा.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत जुनी नाणी असतात. देव्हाऱ्यात एखादी झिजलेली शिवराई, आजीच्या डब्यात राणीछाप रुपये, पोरांच्या खेळण्यांत हिंडणारा भोकाचा पैसा. दिवाळीला ती बाहेर निघतात, चिंच नाहीतर पितांबरी लावून लखलखीत घासली जातात, लक्ष्मीपूजनाच्या ताटात बसतात आणि पुन्हा डब्यात जातात. दरवर्षीच्या या अंघोळीत अक्षरांची धार थोडी थोडी जाते. पुढच्या पिढीच्या हाती एक गुळगुळीत चकती येते आणि ती कुणाची, हे सांगणारं घरात कुणी उरलेलं नसतं. जमिनीच्या बाबतीत मराठी माणूस इतका गाफील राहत नाही. बांधावरून भांडण झालं तरी सातबारा ट्रंकेत जपून ठेवलेला असतो. नाण्याचा सातबारा म्हणजे त्याचा नीट काढलेला फोटो. तो कुणीही करू शकतं, त्याला तलाठी लागत नाही, आणि तरीही तो जवळजवळ कुणाकडेच नसतो.

हा कागद वेळेवर न झाल्याने काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण इगतपुरीच्याच पाण्याच्या वाटेवर आहे. इगतपुरी तालुक्यातल्या कुलंगच्या डोंगरात दारणा उगम पावते, धरणात विसावते आणि वळणं घेत घेत गोदावरीला जाऊन मिळते. त्या संगमाच्या परिसरात, सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी इथे 1906 साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. साठा म्हणजे किती? रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तपासलेली नाणीच 13,250 च्या आसपास होती. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या 9,270 नाण्यांवर, म्हणजे दर दहांतल्या सातांवर, गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप नव्याने मारलेला होता. नहपानाचा चेहरा होता तिथे त्रिकूट पर्वत आणि त्याखाली नागमोडी रेघ, उलट बाजूला उज्जयिनी चिन्ह.

सातवाहनांनी क्षहरातांचा पाडाव केला, ही गोष्ट नाशिकच्या पांडवलेणीत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात कोरलेली आहेच. पण राजमातेने आपल्या मुलाची थोरवी सांगणं वेगळं आणि हरलेल्या राजाचं चलन हजारोंनी हातात येणं वेगळं. जोगलटेंभीच्या साठ्याने त्या लेखाला साक्षीदार मिळवून दिला. त्याच लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे त्याने 3,000 कार्षापण कायमचे ठेवले, 2,000 दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि 1,000 शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल मोडायचं नाही, नुसतं व्याज भिक्षूंना द्यायचं. पैसा कुणाचा, कुठे, कोणत्या दराने, सगळं दगडावर नोंदलेलं. 35 कार्षापणांचा एक सुवर्ण, हा भावसुद्धा त्यात आहे. मुदत ठेवीची पावती अशी असावी! ही पावती आजही जागेवर आहे, कारण लेणं उचलून नेता येत नाही. नाणी मात्र उचलून नेता येतात. जोगलटेंभीची नाणी संग्रहालयांत, संग्राहकांकडे आणि बाजारात पांगली.

स्कॉट यांनी आपला अहवाल रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापला. त्या काळाच्या मानाने काम चोख होतं, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र त्यांना खटकली होती. नाण्यांवरचे नहपानाचे चेहरे एकमेकांशी जुळत नव्हते. कुठे तरुण, कुठे म्हातारा, कुठे नाक बाकदार, कुठे सरळ. हे चेहरे एकाच माणसाचे नसून त्याच्या घराण्यातल्या वेगवेगळ्या माणसांचे असावेत, असा तर्क त्यांनी केला. पुढच्या अभ्यासकांना तो फारसा पटला नाही. पण हा वाद तर्कावर सोडायचं खरं तर कारणच नव्हतं. नाणं पाडायला दोन ठसे लागतात, एक ऐरणीत बसवलेला आणि दुसरा वरून हातोड्याने ठोकायचा. घाव थेट वरच्या ठशावर बसतात, म्हणून तो साधारणपणे आधी फुटतो आणि बदलावा लागतो. म्हणजे एकाच चेहऱ्याच्या ठशाबरोबर मागच्या बाजूचे दोन-तीन ठसे वापरले जातात, आणि त्यांतला शेवटचा पुढच्या चेहऱ्याबरोबरही चालतो. हजारो नाणी शेजारी शेजारी मांडली की या ठशांची साखळी जुळते. कोणता चेहरा आधीचा, कोणता नंतरचा, टांकसाळीत एकूण किती ठसे झिजले, हे सगळं उलगडायला लागतं.

त्यासाठी तेरा हजार नाणी कुणी टेबलावर मांडून बसत नाही. त्यांचे फोटो मांडतात. जोगलटेंभीची सगळी नाणी, दोन्ही बाजूंनी, पांगण्याआधी टिपलेली असती, तर नहपानाच्या चेहऱ्यांचा प्रश्न कधीच सुटला असता. नाणी आज जगात कुठेही असती तरी अभ्यास नाशकात बसून करता आला असता.

1906 साली हे शक्य होतं का? पैसा आणि चिकाटी असती तर होतं. नाण्यांची छायाचित्रं तेव्हा सर्रास छापली जात, फक्त ती नाण्यांची नसत. आधी नाण्याचा प्लास्टरमध्ये साचा घेत आणि त्या पांढऱ्या प्रतिकृतीचा फोटो काढत. चांदीची चकाकी नाही, तांब्याचे डाग नाहीत, सगळीकडे एकसारखा पांढरा रंग, त्यामुळे उठाव स्वच्छ दिसतो. ई. जे. रॅप्सन यांनी आंध्र आणि पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांची सूची 1908 मध्ये ब्रिटिश म्युझियमतर्फे प्रसिद्ध केली. आजही सातवाहन नाण्यांवर लिहिणारा माणूस तिच्याशिवाय पुढे सरकत नाही. तिच्यातली चित्रंही अशाच प्लास्टरच्या प्रतींची आहेत. शंभर-सव्वाशे वर्षं विद्वान मंडळी नाण्यांचे फोटो समजून प्लास्टरच्या चकत्यांचे फोटो पाहत आली आणि त्यांचं काम अडलं नाही. रंग तेवढा हरवला. तो हरवणंही लहानसहान नव्हे, कारण खोटं नाणं पुष्कळदा रंगावरूनच पकडलं जातं.

मराठी नाण्यांना तर फोटोची गरज आणखी जास्त. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. हातात घेतलेल्या शिवराईवर मात्र पुष्कळदा ‘राजा’चा अर्धा भाग आणि ‘पति’चा वेलांटीचा शेपटा एवढंच दिसतं. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, आणि ठोकणाऱ्याला दिवसभरात ढीग उपसायचा, त्यामुळे अक्षरं कडेबाहेर पडत. चांदवडी रुपयाचंही तेच. नाव शाह आलम बादशहाचं, टांकसाळ होळकरांची, लिपी फारसी, आणि ‘जाफराबाद ऊर्फ चांदोर’ हे टांकसाळीचं नाव कुठल्याही एका रुपयावर धड पुरं उतरत नाही. एका नाण्यावर त्याचा डावा तुकडा, दुसऱ्यावर उजवा, तिसऱ्यावर मधला. दहा-वीस रुपयांचे सारख्या मापाचे फोटो शेजारी ठेवले की पूर्ण ठसा डोळ्यांसमोर उभा राहतो. तो एका घरातल्या एका रुपयावर कधीच दिसणार नाही. घोटीतल्या एखाद्या कपाटातला तुकडा येवल्याच्या तुकड्याला जोडायचा, तर दोन्हींचे फोटो हवेत.

आहत नाण्यांनी हाच धडा आणखी आधी दिला होता. मगध-मौर्य काळातल्या चांदीच्या त्या वेड्यावाकड्या तुकड्यांवर पाच-पाच चिन्हं ठोकलेली, एकावर एक चढलेली. त्यांचं वर्गीकरण डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि टेरी हार्डेकर यांनी 1985 मध्ये ग्रंथरूपात मांडलं. आज जगात कुठेही असं नाणं विकायला निघालं की त्याखाली गुप्त-हार्डेकर क्रमांक लिहिलेला असतो. हा ग्रंथ बाहेर पडला तो अंजनेरीहून. इगतपुरीहून घोटीमार्गे त्र्यंबकच्या रस्त्याला लागलं की तासाभरात अंजनेरीचा डोंगर दिसायला लागतो. त्याच्या पायथ्याशी डॉ. गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी 1980 मध्ये नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. नाण्यांचं संग्रहालय तिथे आहेच, पण संस्थेची खरी दौलत म्हणजे तिने जमवलेली नाण्यांची छायाचित्रं. नाणं ज्याचं त्याच्याकडे राहू द्यावं, त्याची प्रतिमा मात्र एका ठिकाणी यावी, हा त्यामागचा विचार संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. नोटा छापणाऱ्या जिल्ह्यात नाण्यांचे फोटो जपणारी संस्था असावी, हा योगायोग म्हणून सोडून द्यायलाही हरकत नाही. जिल्ह्यातल्या किती शाळांच्या सहली तिथे वळतात, हे मात्र विचारायला हवं.

आता फोटो कसा काढायचा, तर त्यासाठी महागडा कॅमेरा घ्यावा असं सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करावं. साधा मोबाइल पुरतो. नाण्याच्या अगदी नाकाशी तो नेला की मोबाइलचीच सावली पडते आणि गोल नाणं कडेला फुगल्यासारखं दिसतं. थोडं मागे सरून दुपटीने झूम करावं. मोबाइल हातात धरू नये, पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवी पट्टी ठेवून त्यावर टेकवावा. कंपासपेटीतल्या खोडरबरावर नाणं ठेवलं की ते पार्श्वभूमीपासून वर उचललं जातं आणि सावली दिसेनाशी होते. खाली गडद, एकरंगी कापड असावं. त्याचा दुसराही उपयोग आहे. शहाबादी फरशीवर पडलेलं नाणं कडेला चेपतं, आणि लिलावात त्या चेपीची किंमत कळते.

दोन्ही बाजू टिपायच्या. वर्तमानपत्रांत ‘नाण्याची दुसरी बाजू’ हा शब्दप्रयोग रोज कुठे ना कुठे छापून येतो, पण पुष्कळ संग्राहकांच्या फोटोंत ती बाजू नसते. राजाचा चेहरा सुंदर म्हणून तेवढाच काढलेला असतो. टांकसाळ आणि वर्ष बहुधा मागेच असतात. जमलं तर कडही टिपावी. कडेवरच्या दातऱ्या कानशीने घासल्यात की ठशाने पाडल्यात, हे तिथेच दिसतं. शेजारी मिलिमीटरची पट्टी, नाण्याच्याच उंचीवर. सोनाराकडे काटा असतो, त्यावर ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन करून तो आकडा फोटोच्या नावात घालावा. वजन नसलेला फोटो म्हणजे क्षेत्रफळ नसलेला सातबारा. शेवटचं म्हणजे फोटोआधी नाणं धुवायचं नाही. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, काहीही नाही. मळ दिसला तर दिसू दे.

पावसाळी प्रदेशात याचा आणखी एक फायदा होतो. दर दोन-तीन वर्षांनी त्याच नाण्याचा फोटो पुन्हा काढला की हिरव्या पुडीचा ठिपका वाढला की तिथेच थांबला, हे ताडून पाहता येतं. डोळ्यांची आठवण या बाबतीत भरवशाची नसते. मऊ प्लॅस्टिकच्या अल्बमांतून सुटणारा चिकट हिरवा लेप कित्येकांना उशिरा दिसतो, कारण जुन्या अवस्थेचा पुरावाच नसतो. कॅमेऱ्याच्या भिंगालाही इगतपुरीची हवा बुरशी लावते, हे ओघात सांगायला हवं. नाण्यांच्या डब्यात टाकलेल्या सिलिका जेलच्या पुड्या कॅमेऱ्याच्या पिशवीतही टाकाव्यात.

फोटो काढायला नाखूश असणारी मंडळी पुष्कळ आहेत आणि त्यांची कारणं हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. चोराला पत्ता मिळेल, नातेवाइकांना संख्या कळेल, कुणी सरकारी माणूस दारात उभा राहील. यांतली पहिली भीती खरी आहे. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप चिकटते. ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी, आणि संग्रह जगाला दाखवायलाच हवा अशी सक्ती कुणी केलेली नाही. फोटो काढणं वेगळं आणि वाटणं वेगळं. पण चोरी झालीच, तर फोटो नसलेल्या माणसाने तक्रारीत लिहायचं तरी काय? ‘चांदीची जुनी नाणी, नग पंचवीस’? तशी नाणी प्रत्येक सराफाकडे असतात. पृष्ठभागावरचा एखादा ओरखडा, कडेची एखादी चेप, हे त्या नाण्याच्या बोटांचे ठसे असतात आणि ते फोटोतच पकडता येतात. खोटेपणाही तसाच उघडा पडतो. साच्यातून ओतलेलं बनावट नाणं मूळ नाण्याचे ओरखडेसुद्धा इमानाने उचलतं. दोन वेगवेगळ्या गावांतल्या दोन नाण्यांवर एकाच जागी एकच ओरखडा दिसला, तर दोघांपैकी किमान एकजण फसलेला आहे.

सरकारी माणसाच्या भीतीबद्दल मात्र दोष माणसांपेक्षा व्यवस्थेकडे जास्त जातो. नांगराच्या फाळाला मडकं लागलं तर काय करायचं, हे आजही 1878 चा निखात निधी कायदा ठरवतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये! त्या आकड्यावरूनच कायद्याचं वय कळावं. कळवल्यावर पुढे चौकशी, नोटिसा, दावे अशी वाट लांब जाते, आणि त्या वाटेवर साठा अख्खा राहील याची खात्री शेतकऱ्याला नसते. गुन्ह्याच्या तपासात झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करायला हवं, असं 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते, आणि ते मोबाइलवर केलेलंही चालतं. मग दोन हजार वर्षं जुन्या साठ्याला एवढं भाग्य का नसावं? मडकं तहसील कार्यालयात आलं की त्यातलं प्रत्येक नाणं, दोन्ही बाजूंनी, पट्टी आणि वजनासह टिपायचं आणि त्यानंतरच ते पुढे पाठवायचं, एवढा नियम पुरे. खर्च काट्याचा आणि दोन दिवसांच्या मजुरीचा. शेतकऱ्यालाही त्याच फोटोंची एक प्रत द्यावी. आपण दिलं ते इतकं होतं, हे त्याच्या हातात राहील आणि पुढच्या वेळी तो सोनाराच्या भट्टीकडे वळणार नाही.

संग्रहालयांनीही थोडी मूठ सैल करावी. फोटो काढायला मनाई, ही पाटी आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती का लावली, हे पाटी लावणाऱ्यालाही आठवत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 2018 मध्ये केंद्रीय संरक्षित स्मारकांत फोटो काढण्यावरची बंदी उठवली, अजिंठ्यासारखे मोजके अपवाद ठेवले, आणि स्मारकं जिथल्या तिथे उभी आहेत. अजिंठ्याच्या रंगांना उजेडाची बाधा होते, ते समजण्यासारखं आहे. चांदीच्या नाण्याला खिडकीच्या उजेडाने काहीही होत नाही. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही संगणक प्रणाली तयार केली आहे, तिच्यावर देशातल्या मोठ्या संग्रहालयांतल्या वस्तू घरबसल्या पाहता येतात. म्हणजे साधन आहे आणि तेही मराठी मुलखात घडलेलं आहे. अडतं ते प्रत्येक पेटी उघडून एकेक नाणं खिडकीपाशी नेण्याच्या कंटाळ्यावर.

फोटोला मर्यादा आहेत, त्या मान्यच करायला हव्यात. चांदीत तांबं किती मिसळलंय, ते फोटो सांगत नाही. नाणं वाजवल्यावरचा आवाज त्यात येत नाही, आणि जुने सराफ खरंखोटं कानानेच ओळखत. पण काही गोष्टी फोटोच दाखवतो, डोळ्याला त्या एका दमात दिसत नाहीत.

जोगलटेंभीच्या जातीचं, पुन्हा छापलेलं एखादं नाणं इगतपुरीच्या त्या उत्तरेकडच्या खिडकीत ठेवून पाहावं. वजन दोन ग्रॅमच्या आसपास, आकार करंगळीच्या नखाहून थोडा मोठा. सपाट उजेडात पर्वताच्या कमानी आणि एक गिचमीड दिसते. मग एका बाजूला काळा कागद उभा करून उजेड दुसऱ्या बाजूने अगदी तिरपा येऊ द्यावा आणि एक फोटो घ्यावा. कागद उचलून समोरच्या बाजूला लावावा आणि दुसरा घ्यावा. एका फोटोत सातकर्णीची ब्राह्मी अक्षरं कडेने उठून येतात. दुसऱ्यात पर्वताच्या कमानींखालून एक नाक, एक ओठ आणि हनुवटीची रेघ वर येते. तो नहपान. दोन्ही फोटोंना एकच क्रमांक द्यायचा आणि उजेड कुठल्या बाजूने होता, ते खाली लिहून ठेवायचं.